खोल बर्फातून एटीव्ही आणली, रात्री उभी केली, सकाळी चाकंच हलेनात. आल्यावर नक्की काय काय करायचं असतं?

पांढरी_वाट

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल. माझी एटीव्ही (चार जाड टायरांची, हँडलने चालवायची ऑफ-रोड गाडी) बेल्टवाली आहे, म्हणजे इंजिनची ताकद दोन पुल्यांवरच्या रबरी बेल्टमधून चाकांकडे जाते, आधी कुणीतरी वापरलेली, उन्हाळ्यात घेतली आणि तेव्हापासून माती, खडी आणि थोडंफार पाणी एवढंच तिने बघितलं होतं. परवा पहिल्यांदा खोल बर्फात नेली. खोल म्हणजे काही ठिकाणी पुढचा बंपरच बर्फ ढकलत चालला होता, दोनदा पोटावर टेकली आणि विंच (गाडीवरचं दोर ओढणारं मोटरचं यंत्र) लावून काढावी लागली. पण दिवसभर गाडीने कुठेच दगा दिला नाही. संध्याकाळी आणली, वरवरचा बर्फ हाताने झाडला, हँडब्रेक ओढला आणि उघड्या शेडमध्ये ताडपत्री टाकून ठेवली.

सकाळी सेल्फ मारला तर लगेच चालू झाली. गिअर टाकला, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) दिला, जागची हलेना. मला वाटलं टायर जमिनीला चिकटलेत म्हणून अजून थोडा दिला, तर जळक्या रबराचा वास आला आणि बेल्टच्या कव्हरला जो हवेचा पाइप असतो त्यातून थोडा धूरही. लगेच बंद केली. दुपारी ऊन आल्यावर चाकं आपोआप सुटली. आता चालते, पण हळू जाताना खालून धप धप असं जाणवतं, आणि थ्रॉटल सोडला की लिव्हर परत यायला किंचित वेळ लागतो, आधी असं नव्हतं.

तर बेल्ट गेला का? आणि बर्फातून आल्यावर काय काय करायचं असतं? प्रेशर वॉशरने धुवायची का, की बर्फ तसाच ठेवला तर चालतो? एक मित्र म्हणतो गरम गॅरेजमध्ये नेऊन ठेव, सगळं आपोआप वितळून जाईल. दुसरा म्हणतो अजिबात नेऊ नको. दोघंही अनुभवी आहेत त्यामुळे माझा गोंधळ झालाय.

पाना_बारा_नंबर

ताई, सगळ्यात आधी थ्रॉटलचं बघा, ते नीट होईपर्यंत गाडी चालवू नका. त्यावर खाली कुणीतरी लिहीलच, नाही लिहिलं तर मी लिहितो.

आता बेल्ट. तुम्ही जे सांगताय त्यावरून काय झालं असणार ते सांगतो. दिवसभर बर्फ ब्रेकच्या डिस्कवर, कॅलिपरवर उडत होता, ब्रेक गरम असल्यामुळे तिथे त्याचं पाणी होत होतं. तुम्ही आल्या आल्या हँडब्रेक ओढलात म्हणजे ओले पॅड ओल्या डिस्कवर दाबून ठेवलेत, आणि रात्रीत ते पाणी गोठून पॅड डिस्कला चिकटले. सकाळी इंजिन फिरतंय, पुढची पुली फिरतेय, पण चाकं बांधलेली त्यामुळे मागची पुली हलत नाही, मग बेल्ट एका जागी उभा आणि पुली त्याच्यावर घासतेय. दोन-चार सेकंदांत त्या जागेचं रबर जळून जातं आणि बेल्टला तिथे कंबर पडते, म्हणजे बाकी बेल्ट रुंद आणि तेवढाच तुकडा अरुंद. हळू जाताना तो तुकडा पुलीतून गेला की धप, पुन्हा आला की पुन्हा धप. बेल्ट गेलाय असं मी ९० टक्के धरून चालतो, पण कव्हर उघडून बघितल्याशिवाय बदलू नका.

कव्हर उघडलंत की बेल्ट हाताने पूर्ण गोल फिरवून दोन्ही कडा बघा. चकाकणारा, काचेसारखा गुळगुळीत भाग दिसला तर तो जास्त घसरून तापलाय. रुंदी मोजा, कमीत कमी किती चालते ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. नवीन टाकणार असाल तर पुलीच्या आतल्या दोन्ही बाजूंवर जळक्या रबराचा काळा थर बसलेला असेल, तो स्कॉचब्राइट आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, नाहीतर नवा बेल्टही घसरेल. आणि नवा टाकल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढं अंतर सावकाश चालवा, लगेच जाऊन बर्फात रुतवू नका.

खोल बर्फात गाडी कायम लो गिअरमध्येच चालवायची हेही याच निमित्ताने सांगतो. हायमध्ये हळू ओढत नेली की बेल्ट सतत थोडा थोडा घसरतो आणि तापतो, तुम्हाला ते कळतसुद्धा नाही. ज्यांच्याकडे होंडा आहे त्यांना हा त्रास सहसा नसतो कारण त्यांच्या बहुतेक एटीव्हींमध्ये बेल्टच नसतो, गिअरबॉक्स असतो. पण ब्रेक त्यांचेही चिकटतात.

आता पुढच्या वेळी काय करायचं. घर जवळ आलं की शेवटचं थोडं अंतर हळू जा आणि जाता जाता ब्रेक हलका हलका दाबत रहा, लिव्हर आणि पाय दोन्ही. पॅड आणि डिस्क गरम होऊन कोरडे होतात. मग सपाट जागी उभी करा, गिअरमध्ये पार्कची खाच असेल तर पार्कला टाका आणि हँडब्रेक ओढूच नका. पार्क नसेल तर चाकांना लाकडाचे ठोकळे लावा. टायरखाली फळ्या टाका म्हणजे ते जमिनीला चिकटणार नाहीत. आणि सकाळी निघताना थ्रॉटल द्यायच्या आधी न्यूट्रलमध्ये गाडी हाताने पुढे-मागे ढकलून बघा. हलली तरच गिअर टाका. नाही हलली तर कितीही घाई असली तरी बेल्टच्या जिवावर सोडवायला जाऊ नका.

संथ_गिअर

गॅरेजच्या प्रश्नावर माझं मत जरा ठाम आहे म्हणून लिहितो. तुमचे दोन्ही मित्र अर्धे अर्धे बरोबर आहेत.

गाडीचं नुकसान बर्फ करत नाही, वितळून पुन्हा गोठलेलं पाणी करतं. सुका भुसभुशीत बर्फ पडला आणि तसाच झाडून टाकला तर काहीही होत नाही. पण तोच वितळला की पाणी केबलच्या आत जातं, बेअरिंगच्या सीलमागे, कनेक्टरमध्ये, कुलपात, आणि पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्या फुगण्यात सील सरकतं, रबर फाटतं, केबल जाम होते. आता विचार करा, गाडी दोन तास गरम गॅरेजमध्ये ठेवली, वरचा बर्फ पाणी होऊन सगळीकडे झिरपला आणि मग ओली गाडी तुम्ही पुन्हा थंडीत काढली. हे सगळ्यात वाईट. त्यापेक्षा ती बाहेरच राहिली असती तर बरं झालं असतं.

म्हणून एक काहीतरी धरा. गॅरेज गरम असेल आणि गाडी रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ आत राहणार असेल तर न्या, पण आत नेण्याआधी बाहेरच जेवढा बर्फ काढता येईल तेवढा काढा. मऊ ब्रश, छोटा झाडू, लाकडी पट्टी चालेल. स्क्रू ड्रायव्हर आणि लोखंडी कांब नको, घाईत रबरी बूट किंवा ब्रेकची नळी फाटते. आत नेल्यावर सगळं ठिबकून झालं की फडक्याने पुसा, कंप्रेसर असेल तर सांध्यांमधून हवा मारा, पंखा लावून ठेवा. पूर्ण सुकली की मगच बाहेर. आणि एवढा वेळ नसेल तर गाडी थंडच राहू द्या, बर्फ झाडा, छपराखाली ठेवा. ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नका, आत ओल कोंडते, हवा खेळेल अशी सैल टाका.

प्रेशर वॉशर मी हिवाळ्यात वापरत नाही. मीठ टाकलेल्या रस्त्यावरून गेला असाल तर मात्र धुणं भाग आहे, मीठ ठेवून चालत नाही, तेव्हा कोमट पाणी, कमी जोर, आणि धुतल्यावर लगेच सुकवायची सोय. बेअरिंग, सील, रेडिएटरच्या जाळीवर जोराचा फवारा कधीच नको.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. सुकवण्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, शटर अर्धं उघडं असलं तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. आणि गोठलेला भाग सोडवायला ब्लो टॉर्च किंवा उघडी ज्योत कधीही नाही, पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर आहे हे विसरायचं नाही. हेअर ड्रायर किंवा कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पुरतं.

पांढरी_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार, आज अर्धा दिवस गाडीखालीच होते. बेल्टला खरंच कंबर पडली आहे, एका जागी बोटभर लांबीचा तुकडा अरुंद आणि काळा चकचकीत. नवीन मागवला. कव्हरच्या खाली जो छोटा रबरी बूच असतो तो काढला तर दोन-तीन चमचे पाणी निघालं, तो तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं.

बघायला गेले तर अजून सापडलं. एअर फिल्टर एका बाजूने ओला, खालच्या नळीत पाणी. खालची प्लास्टिकची प्लेट आणि इंजिन यांच्यामध्ये बर्फाची अख्खी लादी बसली होती, उचलायला जड. आणि पुढच्या उजव्या चाकामागे जो घडीघडीचा रबरी बूट आहे त्याला बारीक चीर, आजूबाजूला ग्रीस उडालंय. हा बूट तातडीने बदलायचा का हिवाळा संपेपर्यंत थांबता येईल? आणि ऑइल बघायच्या काचेत वरच्या बाजूला दुधी फेस दिसतोय, त्याची जास्त भीती वाटतेय.

ग्रीसवाला

बूट थांबवू नका. चीर आत्ता बारीक आहे म्हणजे आतला सांधा बहुतेक चांगला आहे, आत्ता काढून साफ करून नवीन ग्रीस भरून बूट बसवला तर एवढ्यावर भागेल. तसंच चालवलं तर ग्रीस बाहेर, पाणी आत, मग वळताना कट कट आवाज येईल आणि तेव्हा बूट नाही तर अख्खा एक्सल बदलावा लागेल. बूट फाटतो कसा तेही सांगतो. एक्सलभोवती बर्फ गुंडाळला जातो, थांबलात की त्याचा कडक गोळा होतो, आणि सकाळी चाक फिरलं की तो धारदार गोळा रबरावर घासतो, थंडीत रबर आधीच ताठरलेलं असतं. म्हणून वाटेत चहापाण्याला थांबता तेव्हाही खाली वाकून एक्सलभोवतीचा बर्फ हाताने काढून टाकायचा, तो मऊ असतो तेव्हा एका मिनिटाचं काम आहे.

खालची प्लेट दर वेळी नाही तरी दोन-तीन राइडनंतर उतरवाच. ती लादी बघितलीत ना, तेवढं वजन तुम्ही दिवसभर फिरवत होतात, शिवाय ती इंजिनच्या उष्णतेने वितळते, पाणी ब्रेकच्या नळ्यांवर आणि गिअरच्या दांड्यांवर ठिबकतं आणि गाडी थांबली की तिथेच गोठतं. गिअर पडत नाही असं बऱ्याच जणांचं होतं ते यामुळेच.

आता ऑइल. घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की इंजिन पूर्ण तापत नाही, आतल्या हवेतली वाफ थंड भागावर जमते आणि फक्त वरच्या बाजूला, टोपणाच्या आत असा फेस दिसतो. गाडी एकदा नीट तापवून अर्धा तास चालवली की तो बहुतेक वेळा जातो. पण संपूर्ण ऑइलच दुधी झालं असेल तर पाणी किंवा कूलंट शिरलंय, मग गाडी चालू करायची नाही. तिसरी शक्यता म्हणजे ऑइलची पातळी खुणेच्या वर गेली आणि पेट्रोलचा वास येतोय, ते थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल खाली उतरल्यामुळे होतं, असं ऑइल पातळ होतं आणि इंजिनला वाचवत नाही, लगेच बदला. हिवाळ्यात ऑइल मॅन्युअलमधल्या थंडीच्या ग्रेडचंच टाका. आणि नुसतं पाच मिनिटं चालू करून बंद करायची सवय असेल तर ती मोडा, त्याने फेस वाढतोच.

पुढच्या-मागच्या डिफरन्शियलकडे (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) कुणी बघत नाही म्हणून त्याचंही लिहितो. चालवताना ते तापतं, आतली हवा फुगते, मग पोटावर टेकून बर्फात रुतलं की एकदम गार पडतं आणि आतली हवा आकसते. त्या वेळी हवा घ्यायला वर एक बारीक नळी दिलेली असते. तिचं टोक बर्फाने बंद असेल तर हवा सीलमधून खेचली जाते आणि सोबत पाणी येतं. नळीचं टोक शोधून साफ ठेवा. आत पाणी गेलंय का बघायचं तर खालचा बोल्ट किंचित सैल करा, पाणी तेलापेक्षा जड असतं त्यामुळे आधी तेच येतं. पण एक लक्षात ठेवा, हे गाडी पूर्ण वितळल्यावरच करायचं. गोठलेली असताना तळाचं पाणी बर्फ होऊन बसलेलं असतं, बोल्ट काढला तरी काही येत नाही आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

सगळं सुकलं की शेवटी ग्रीस गन घेऊन सस्पेन्शनच्या प्रत्येक निपलमध्ये नवीन ग्रीस येईपर्यंत भरा, आतलं पाणी ग्रीसच बाहेर ढकलतं. पाण्याने न धुपणारं, बोटींना वापरतात तसलं ग्रीस घ्या.

अंगठा_थ्रॉटल

पाना भाऊंनी म्हटलं तसं थ्रॉटलबद्दल लिहितो कारण मी स्वतः अनुभवलंय. माझा थ्रॉटल बर्फात उघडाच राहिला होता, अंगठा काढला तरी गाडी धावतेय. हँडलवरचं लाल स्विच दाबलं म्हणून वाचलो. केबलच्या वरच्या टोकाचं रबर फाटलेलं होतं, त्यातून पाणी आत गेलं आणि चालता चालता गोठलं.

लिव्हर उशिरा परत येणं ही त्याचीच पहिली खूण आहे. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि प्रत्येक वेळी लिव्हर दाबून सोडा, टक्‌ करून परत आलाच पाहिजे. नाही आला तर केबल काढून सुकवा, केबल ल्यूब वरून आत जाऊ द्या, रबरी टोपी फाटली असेल तर बदला, केबलच्या तारा सुटल्या असतील तर अख्खी केबल बदला. तुमचा एअर फिल्टर ओला होता म्हणताय, तर थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) झडपेवरही ओल असू शकते, तिथेही बघा. फिल्टर पूर्ण सुकवूनच बसवा, ओल्या फोमचा थंडीत बर्फ होतो आणि इंजिनला हवाच मिळत नाही. आणि दर वेळी निघण्याआधी ही डावी-उजवी तपासणी करा, दहा सेकंद लागतात.

डब्ल्यूडी-४० बद्दल पण सांगतो कारण लोक ते सगळीकडे मारतात. त्या नावाचा अर्थच पाणी हटवणारं, ४०वा प्रयत्न असा आहे, त्यामुळे पाणी काढायला छान. पण ते ग्रीसची जागा घेत नाही, आणि ब्रेक डिस्कवर किंवा बेल्टच्या पुलीवर एक थेंबही जाता कामा नये.

चार_चाकं_एक_दोर

दोन-तीन राहिलेल्या गोष्टी. रेडिएटरची जाळी बर्फाने भरली की कडक थंडीतही इंजिन तापतं, हे पहिल्यांदा बघितल्यावर खरं वाटत नाही. हाताने किंवा मऊ ब्रशने काढा, जाळीच्या पात्या वाकवू नका. आणि चालू करण्याआधी फॅन हाताने, अर्थातच चावी बंद असताना, फिरतो का बघा. पाती गोठलेली असतील तर फॅनची मोटर अडकून फ्यूज जातो आणि मग गाडी तापल्यावरच कळतं.

कूलंटमध्ये लोक एक चूक करतात, जास्त थंडी म्हणून नुसतं कूलंटच भरतात, पाणी घालतच नाहीत. एथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) निम्मं आणि पाणी निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण नुसतं ग्लायकॉल उणे १२-१३ च्या आसपासच गोठतं. म्हणजे निम्मं-निम्मंच चांगलं.

बॅटरी. तुम्ही दोनदा विंच चालवलंत, ते बॅटरी भरपूर खातं आणि परतीच्या छोट्या प्रवासात ती पूर्ण भरत नाही. साधी लेड ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर उणे ५० पर्यंतही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली असेल तर शून्याखाली थोड्याच अंशांत गोठू शकते. आल्यावर मेंटेनर चार्जर (बॅटरी हळूहळू भरून तशीच भरलेली ठेवणारा) लावा. गोठलेली बॅटरी मात्र कधी चार्ज करू नका, फुटू शकते. लिथियम असेल तर बहुतेक बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करायच्या नसतात, आधी आत आणून कोमट होऊ द्या.

विंचचा दोर कापडी असेल तर तो पाणी पितो आणि ड्रमवरच दगड होतो. पूर्ण मोकळा करून सुकवा, मग हलका ताण देऊन गुंडाळा. नाहीतर पुढच्या वेळी तो गरज असेल तेव्हाच सुटणार नाही.

टायर बर्फासाठी ३-४ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणले असतील तर परत भरायला विसरू नका. आणि मोजायला कमी दाबाचं गेज घ्या, कारच्या टायरचं गेज एवढ्या खाली नीट दाखवत नाही. एटीव्हीच्या टायरमध्ये मुळात हवा कमी, त्यात २० अंशांनी थंडी वाढली की जवळपास दीड पीएसआय तसाच जातो, पंक्चर नसतानाही.

पांढरी_वाट

नवीन बेल्ट आणि बूट दोन्ही बसवले. थ्रॉटलची रबरी टोपी खरंच फाटलेली निघाली, केबल बदलली, लिव्हर आता टक्‌ करून येतो. ऑइल काचेत फेस फक्त वर होता, अर्धा तास चालवल्यावर गेला, पण ऑइलला पेट्रोलचा हलका वास होता म्हणून ऑइलही बदलून टाकलं. मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट गाडी एक रात्र आत ठेवून मगच उघडला, आधी पाण्याचे थेंब आले, मग राखाडी तेल. थंडीत उघडला असता तर मला ते कळलंच नसतं, ग्रीसवाला दादा, ते तुमच्यामुळे. पुढचं स्वच्छ निघालं.

काल पुन्हा जाऊन आले, गुडघाभर बर्फ होता. येताना ब्रेक दाबत दाबत आले, बाहेरच झाडली, फळ्यांवर पार्कमध्ये उभी केली, हँडब्रेक नाही. आज सकाळी न्यूट्रलला ढकलली, हलली. एकच विचारायचं राहिलं, मागच्या डिफरन्शियलचं तेल एकदा बदललं, ते पुरे का पुन्हा बदलायचं?

ग्रीसवाला

एकदा थोडं चालवून पुन्हा बदला. पाणी गिअरच्या दातांमध्ये आणि बेअरिंगमध्ये राहतं, पहिल्या वेळी सगळं निघत नाही. दुसऱ्या वेळी स्वच्छ निघालं तर झालं, पुन्हा राखाडी निघालं तर एक्सल जिथे आत जातो तिथलं सील बघा.